वहीत न उतरलेला तोटा

दिवाळीला आपण चोपडापूजन करतो. पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी आणि कयवन्ना शेठचे सौभाग्य मागतो. दुसऱ्या पानापासून जमा आणि नावे सुरू होते. मागणे एका पानाचे आणि हिशेब वर्षभराचा, अशी शिस्त आपल्या पूर्वजांनी घालून दिली आहे. ज्या घरात ही शिस्त तीन पिढ्या चालत आली, त्याच घरातील मुलगा लाखोंचा तोटा कोणत्याही वहीत न उतरविता दोन वर्षे मनात घेऊन फिरू शकतो, हे मी दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात प्रत्यक्ष पाहिले. तो तोटा ऑनलाइन पोकरमधला होता. मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच गाळले आहेत.

औंढ्यातील ती संध्याकाळ

निवृत्तीनंतर मी लोणावळ्याजवळच्या औंढे गावी राहतो. आषाढाचे दिवस होते. भाताची लावणी चालू होती आणि लोहगड-विसापूर दिवसभर ढगांत बुडालेले होते. अशा पावसात माझ्या एका जुन्या स्नेह्यांचा मुलगा भिजत आला. वय सव्वीस, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणारा. चहा होताच त्याने विचारले, “काका, तारण न देता सहा लाखांचे कर्ज किती दिवसांत मिळते?”

बँकेत उभी नोकरी केलेल्या माणसाला कर्ज मागणाऱ्याचा आवाज ओळखता येतो. धंद्यासाठी कर्ज मागणारा आधी धंद्याविषयी बोलतो. हा आधी दिवस विचारीत होता. मी म्हणालो, “कर्जाचे नंतर पाहू. पैसे कुठे गेले ते सांग.”

बराच वेळ तो गप्प राहिला. मग बोलू लागला. 2022 साली मित्रांनी पोकर शिकविले. पहिल्या तीन महिन्यांत तो जिंकला. एका स्पर्धेत तर एकदम 85,000 रुपये मिळाले. पुढे हरण्याची मालिका सुरू झाली. “सलग एकोणीस दिवस हरलो, काका. हातात दोन एक्के असताना हरलो. मी चुकीचे खेळत नाही, पत्तेच फिरले आहेत. माझे लाभांतराय कर्म उदयात आहे. हा काळ सरला की सगळे वसूल होईल. तेवढ्यापुरते भांडवल पाहिजे.”

या चार वाक्यांत दोन चुका होत्या. एक गणिताची आणि दुसरी धर्माची. दोन्ही चुका आपल्या घरांतून सर्रास होतात, म्हणून दोन्हींचा विचार करू.

पत्त्यांना स्मरण नसते

पोकरमध्ये एका खेळाडूच्या हाती दोन एक्के आणि दुसऱ्याच्या हाती दोन राजे असतील, तर एक्केवाला 100 पैकी सुमारे 82 वेळा जिंकतो. याचाच अर्थ, उत्तम पत्ते असूनही तो 18 वेळा हरतो. लागोपाठ दोनदा अशी वेळ आली आणि दोन्ही वेळा तो हरला, असे शंभरातून तीनदा घडते. दिवसाला एखादा डाव खेळणाऱ्याला हे फार विरळा वाटेल. मोबाइलवर एकाच वेळी दोन-तीन टेबलांवर शेकडो डाव खेळणाऱ्याला ते वारंवार दिसणारच.

नाण्याचे उदाहरण आणखी सोपे आहे. नाणेफेकीत सलग पाच वेळा हरण्याची शक्यता 32 मध्ये एक. हजार वेळा नाणे फेकले, तर अशा मालिका अनेकदा येतील. त्यांत दुर्दैव नाही, संख्येचा स्वभाव आहे. पाच वेळा हरल्यानंतर सहाव्या वेळी जिंकण्याची शक्यता वाढते, हा समज मात्र निखालस खोटा आहे. मागच्या डावात काय झाले हे ना नाण्याला आठवते, ना पत्त्याला. आठवते ते फक्त हरलेल्या माणसाला.

“पण पोकर हा कौशल्याचा खेळ आहे ना?” असे त्याने विचारले. हा प्रश्न न्यायालयांनाही पडला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरविषयी मात्र गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो नशिबाचा खेळ असल्याचा निर्णय दिला, तर अन्यत्र न्यायालयांनी वेगळी मते मांडली. अनेकान्ताची सवय असलेल्या आपल्याला हे समजण्यास अडचण नसावी. एका अंगाने पोकरमध्ये कौशल्य आहे, दुसऱ्या अंगाने नशीब आहे. हरणाऱ्याच्या हिशेबात मात्र एक तिसरे अंग येते, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. ते म्हणजे खेळ चालविणाऱ्याची दलाली, जिला खेळाडू ‘रेक’ म्हणतात.

मी त्याला कागदावर उदाहरण करून दाखविले. सहा खेळाडू प्रत्येकी 1,000 रुपये घेऊन बसले, म्हणजे टेबलावर 6,000 रुपये आले. प्रत्येक डावात सरासरी 200 रुपये गोळा होतात आणि चालक त्यातून 5 टक्के, म्हणजे 10 रुपये कापतो, असे धरू. तर 600 डावांत कापलेली रक्कम 6,000 रुपये होते. तासाला 60 डाव धरले, तर दहा तासांत टेबलावरच्या रकमेइतकीच रक्कम चालकाकडे जाते. सहाही जण सारखेच हुशार असतील, तर सहाही जण हरतील. त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के आयकर होताच, आणि हरलेली रक्कम दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा मिळत नव्हती. घाऊक बाजारातील कोणता व्यापारी असा माल भरील?

वसुलीचा मोह

तरीही माणूस थांबत का नाही? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिले, की नफ्यात असलेला माणूस जपून वागतो. तोच तोट्यात गेला की तोटा भरून काढण्यासाठी एरवी पत्करला नसता असा धोका पत्करतो. पोकर खेळणारे या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. गेलेले पैसे परत मिळविण्यासाठी पुन्हा खेळत राहणे, हे आज वैद्यकशास्त्रातही जुगाराच्या विकाराचे एक लक्षण मानले जाते.

वसुलीचे गणितही हरणाऱ्याच्या विरुद्ध असते. एक लाखातले 20 टक्के गेले, तर ते भरून काढण्यास 25 टक्के नफा लागतो. 50 टक्के गेले, तर 100 टक्के लागतो. 90 टक्के गेले, तर उरलेल्या रकमेचे दसपट करावे लागतात. “प्रत्येक वेळी दुप्पट लावायचे” या युक्तीचेही तसेच. 500 रुपयांपासून सुरुवात केली आणि आठ वेळा हार झाली, तर 1,27,500 रुपये गेलेले असतात. नवव्या वेळी 1,28,000 रुपये लावावे लागतात, आणि ते जिंकले तरी एकूण कमाई 500 रुपयेच होते.

जुलै 2023 मध्ये नागपुरात उघडकीस आलेले प्रकरण अनेकांना आठवत असेल. ऑनलाइन जुगाराच्या ॲपमध्ये आपले 58 कोटी रुपये गेल्याची तक्रार एका व्यापाऱ्याने पोलिसांत केली. सुरुवातीस जिंकल्याचे दाखवून आपल्याला गोवले गेले, असे त्याचे म्हणणे होते. पोलिसांनी गोंदियात छापा घालून कोट्यवधींची रोकड व सोने जप्त केले. 58 कोटी कोणी एका रात्रीत हरत नाही. आदल्या दिवशीचे परत मिळवू, या एका विचाराने तो आकडा चढत जातो.

बँकेत या विचाराचे एक भावंड मी फार जवळून पाहिले आहे. थकलेले जुने कर्ज नव्या कर्जाने भरून खाते नियमित दाखवायचे. नोकरीच्या मधल्या काळात एका कापड व्यापाऱ्याची मर्यादा मी अशीच वाढवून दिली होती. हिशेबात काही लपते आहे, याची शंका मला आली होती. पण विचारले असते तर खाते बुडीत दाखवावे लागले असते, आणि माझ्या शाखेचे आकडे बिघडले असते. दोन वर्षांनी तो व्यापारी दुकान सोडून निघून गेला, तेव्हा त्याचा तोटा तिप्पट झाला होता. तो सट्ट्यात गुंतला होता, हे नंतर कळले. मी वेळीच विचारले असते तर त्याचे निदान घर तरी वाचले असते, ही रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणूनच त्या संध्याकाळी मी या मुलाला विचारायचे सोडले नाही.

अंतराय कर्माचा चुकीचा अर्थ

आता धर्माची चूक. लाभांतराय कर्माच्या उदयाने लाभात विघ्न येते, हे शास्त्रवचन खरे आहे. पण त्यावरून “उदय संपला की पत्ते चांगले येतील” असा अर्थ काढणे म्हणजे कर्मसिद्धान्ताची लॉटरी करणे होय. आपल्या परंपरेत काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ हे पाच समवाय सांगितले आहेत. कोणतेही कार्य एकट्या कर्माने घडत नाही. ज्या खेळाच्या रचनेतच चालकाची दलाली आहे, त्याचा स्वभाव खेळणाऱ्याला रिता करण्याचा आहे. तेथे हरल्यावर कर्माला दोष देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरून विहिरीला दोष देणे.

दुसरे असे, की उदय आपल्या हाती नसतो, नवीन बंध मात्र आपल्या भावावर अवलंबून असतो. अशुभ उदय समतेने भोगला तर निर्जरा होते. संताप, हाव आणि लपवाछपवी यांनी भोगला तर जुने फेडताना नवे बांधले जाते. गेलेल्या धनाचा शोक करीत रात्रभर जागणे हे आर्तध्यान. त्या मुलाने तर मला सांगितले, की जिंकावे म्हणून तो रोज एक माळ अधिक फिरवीत असे. नवकाराच्या बदल्यात ऐहिक फळ मागणे याला शास्त्रात निदान म्हणतात, आणि तेही आर्तध्यानातच मोडते. मगधसम्राट श्रेणिकाला पुणिया श्रावकाची एक सामायिक विकत घेता आली नाही. आम्ही मात्र आमची माळ पत्त्याच्या डावावर लावतो.

सप्तव्यसनांत जुगाराचे नाव पहिले आहे. पुढची व्यसने त्याच्या मागोमाग घरात येतात, असे आपले गुरुभगवंत सांगतात. नळराजाची कथा आपण जैन परंपरेतही ऐकतो. धाकटा भाऊ कूबर याच्याशी द्यूत खेळून नळाने राज्य गमावले. “पण शेवटी त्याला राज्य परत मिळालेच ना?” असे म्हणणारे भेटतात. मिळाले खरे. पण ते त्याच रात्री, त्याच पटावर, आणखी एक डाव लावून मिळाले नाही. मधली कित्येक वर्षे तो कुबड्या स्वयंपाक्याच्या रूपात परक्या राजाच्या घरी राबत होता. कथेतील ही वर्षे जुगारी माणूस वगळतो.

व्यापारातही धोका असतोच

आपल्या तरुणांचा एक युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे. ते म्हणतात, “व्यापार हाही जुगारच. तुम्ही माल भरता, भाव पडतो, तोटा होतो.” याचे उत्तर औंढ्यापासून फार दूर नाही. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केल्याचा शिलालेख तेथे आहे. मावळातीलच पाले येथील लेण्यात अरिहंतांच्या नमस्काराने आरंभ होणारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख असून, भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याची त्यात नोंद आहे. त्या काळी कोकणातून घाट चढून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याने धोका कमी पत्करला नव्हता. पण त्याच्या धोक्यातून कोणाच्या घरी मीठ पोहोचले, कोणाच्या घरी कापड. पत्त्याच्या डावातून काय पोहोचते? एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते आणि मध्ये दलाली कापली जाते.

हेही कबूल केले पाहिजे, की या सीमेवर आपला व्यापारी समाज अनेकदा घसरला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पाऊस पडेल की नाही यावर सट्टा चाले. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर जुगार चाले, आणि त्यातूनच मटका जन्मला. आज शेअर बाजारातील फ्यूचर्स-ऑप्शन्सचे तेच होऊ पाहत आहे. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत अशा व्यवहारांतील 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. दुकानात बसून फोनवर ऑप्शन्स घेणारा मुलगा “बाजाराचा अभ्यास” करतो आहे, असे समजून समाधान मानणाऱ्या वडिलांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कायद्याने दार बंद केले, सवयीने खिडकी शोधली

22 ऑगस्ट 2025 रोजी ऑनलाइन गेमिंगविषयीच्या नव्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब, हा वाद त्याने बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळले जाणारे सर्वच ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणे आणि पैशांची देवाणघेवाण घडवून आणणे हेही गुन्हे आहेत. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. कायदा त्याला पीडित मानतो. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ त्याच आठवड्यात थांबविले.

पण परदेशातून चालणारी ॲप्स आणि समाजमाध्यमांवरील गुप्त गट उरलेच आहेत. तेथे जिंकलेले पैसे मिळतील याची कोणतीही शाश्वती नाही. अशा ठिकाणी व्यवहारासाठी “तुमचे बँक खाते काही दिवस वापरू द्या, कमिशन देतो” अशी गळ तरुणांना घातली जाते. बँकेतील माणूस म्हणून कळकळीने सांगतो, आपले खाते कोणालाही वापरू देऊ नका. पैसा ज्याचा असेल तो असो, पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

आकडा पुरा आहे ना?

त्या संध्याकाळी मी मुलापुढे फुलस्केप कागद ठेवला आणि म्हणालो, “सहा लाख हा आकडा कुठून आला, ते लिही.” लिहिता लिहिता त्याचा हात थरथरू लागला. क्रेडिट कार्डाचे 2,10,000. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या कर्जांचे 3,35,000. मित्रांचे 1,60,000. आणि दुकानाच्या ग्राहकांकडून वसूल केलेले, पण रोजमेळात न लिहिलेले 4,35,000. बेरीज 11,40,000. सहा लाखांचा आकडा त्याने मला फसविण्यासाठी सांगितला नव्हता. त्याने स्वतःच कधी बेरीज केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कागद त्याने स्वतः वडिलांच्या हाती दिला. मी शेजारी बसलो होतो. माझे स्नेही कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, “आकडा पुरा आहे ना? काही राहिले असेल तर आत्ताच सांग.” मुलगा रडला. आईने आपल्या पाटल्या काढून पुढे केल्या आणि सगळे एकदम भरून टाका म्हणाल्या. मी त्यांना विनंती केली, “वहिनी, पाटल्या राहू द्या. सगळे एकदम भरले गेले, तर त्याच्या मनात हाही एक जिंकलेला डाव ठरेल.”

पुढे जे केले, ते अशा संकटातील इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने देतो.

1. खेळणे त्याच दिवशी बंद केले. ॲप काढले, खाती बंद केली, आणि गुरुमहाराजांकडे आजीवन पच्चक्खाण न मागता आधी एका वर्षाचे घेतले. पाळता येईल एवढेच व्रत घ्यावे.

2. सर्व देण्यांची यादी व्याजदराप्रमाणे लावली. ॲपची कर्जे आणि क्रेडिट कार्ड यांचे व्याज सर्वांत महाग असते. ते वडिलांच्या मुदत ठेवीवर कर्ज काढून प्रथम फेडले, आणि त्याचा हप्ता मुलाने भरायचे ठरले. मित्रांची रक्कम त्याने आपली मोटारसायकल विकून व उरलेली थोडी थोडी करून दिली.

3. दुकानाचे 4,35,000 वडिलांनी खतावणीत मुलाच्या नावे टाकले. महिना 12,000 प्रमाणे छत्तीस महिन्यांत 4,32,000 होतात. उरलेले 3,000 रुपये त्यांनी संवत्सरीच्या दिवशी सोडले.

4. रोख आणि वसुली काही काळ दुसऱ्याच्या हाती दिली. हा अविश्वास मानू नये. मधुमेह्याच्या घरात मिठाई समोर ठेवीत नाहीत, तसे हे आहे.

5. झोप, भूक आणि चिडचिड यांकडे लक्ष ठेवून मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतला. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते. कोणी फसवून पैसे काढले असतील, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

6. रात्री ज्या वेळी तो खेळत असे, त्याच वेळी वडील आणि मुलगा सामायिक करू लागले. अठ्ठेचाळीस मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत राहतो.

हे सारे सुरळीत पार पडले, असे म्हणता येणार नाही. नवा कायदा आल्यानंतर काही महिन्यांनी मित्राने पाठविलेल्या परदेशी ॲपवर तो एकदा खेळला आणि 7,000 रुपये हरला. पण या वेळी दोन वर्षे लागली नाहीत. चौथ्या दिवशी पक्खी प्रतिक्रमण होते. ते आटोपल्यावर त्याने वडिलांना सांगितले, आणि ती रक्कम खतावणीत त्याच्या नावे पडली. माझ्या दृष्टीने त्याचे सुधारणे येथे सुरू झाले. 

दुर्दैवाची मालिका कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. दुकानात येते, शेतात येते, शरीरात येते. जी आपण होऊन ओढवून घेतलेली नसते, ती समतेने सोसावी लागते. पत्त्यांतली मालिका मात्र उठून चालू लागले की त्याच क्षणी तुटते. तिच्यावर दुसरा उपाय नाही, आणि याच्याइतका स्वस्त उपाय दुसऱ्या कोणत्याही संकटावर नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या पेढीवर चोपडापूजनाला गेलो होतो. मुलानेच पहिल्या पानावर लब्धी, ऋद्धी आणि सौभाग्य लिहिले. मग पान उलटून आपल्या नावाची मागील बाकी स्वच्छ अक्षरात पुढे ओढली. आकडा अजून मोठाच होता. पण तो वहीत होता.

जय जिनेंद्र.